शाळकरी मुलांच्या वह्याही वाचायला हव्यात

लॉख हाइनवरचा तुमचा लेख आवडला. हे १९८१ पासूनचं आयर्लंडचं पहिलं सागरी राखीव क्षेत्र, तिथल्या सी-अर्चिनवरचं (काटेरी, गोलसर समुद्री जीव) संशोधन, सगळं छान मांडलंय. पण किनाऱ्यावरच्या माणसांना समुद्राबद्दल काय ठाऊक होतं, हे त्यात राहूनच गेलं. ते सापडतं शाळांच्या वह्यांत. १९३७ ते १९३९ या काळात आयर्लंडमधल्या सुमारे ५ हजार शाळांतल्या जवळपास ५० हजार मुलांनी घरच्या, शेजारच्या म्हाताऱ्या माणसांना विचारून ऐकलेलं लिहून काढलं. गोष्टी, घरगुती औषधं, हवामानाचे आडाखे, काय काय! अकरा ते चौदा वर्षांची पोरं हो ती!

ही पानं आता ऑनलाइन बघता येतात. मी तासन्‌तास बघत बसते. आयरिश मला येत नाही, पण जुन्या लिपीत अक्षरांच्या डोक्यावर आपल्या अनुस्वारासारखे टिंब दिसतात, शाईने नीट, जपून दिलेले. त्या टिंबाने अक्षराचा उच्चार मऊ होतो, हे कळल्यापासून मी प्रत्येक टिंब शोधते.

समुद्रावर संशोधन करणाऱ्यांनी या वह्या उघडाव्यात, असं मला फार मनापासून वाटतं. पुढच्या लेखात यावर लिहाल का?