फ्रीमेसन व्हायचं असेल तर आधी मागावं लागतं

"काका, फ्रीमेसन कसं होतात?" हा प्रश्न हल्ली ओळखीतली तरुण मुलं मला वरचेवर विचारतात. कुणी मेसेंजरवर विचारतो, कुणी लग्नाच्या जेवणावळीत बाजूला घेऊन अगदी खालच्या आवाजात. खालच्या आवाजात विचारण्यासारखं यात काही नाही, म्हणून इथे सगळ्यांदेखत लिहितो. फ्रीमेसन किंवा नुसतं मेसन म्हणजे फ्रीमेसनरी या जगभर पसरलेल्या जुन्या बंधुसंघाचा सदस्य, आणि त्याच्या स्थानिक शाखेला लॉज म्हणतात. मी बरीच वर्षं मेसन आहे. घरी, शेजारी, देवळात सगळ्यांना ते ठाऊक आहे.

आधी एक इशारा. व्हॉट्सअ‍ॅप, टेलिग्रामवर "आमच्या गुप्त बंधुसंघात या, श्रीमंत व्हा" असे मेसेज फिरतात. खाली कंपास आणि गुण्याचं मेसनांचं चिन्ह असतं, कधी इल्युमिनाटी या कथित गुप्त संघाचं नाव असतं, आणि प्रवेश फी म्हणून काही हजार पाठवायला सांगतात. ते सगळे भामटे आहेत. नियमाने चालणारं कुठलंही लॉज अनोळखी माणसाला मेसेज करून बोलावत नाही, पैशाचं आमिष दाखवत नाही आणि भेटण्याआधी एक रुपयाही घेत नाही. असा मेसेज आला तर नंबर ब्लॉक करा आणि घरातल्या मुलांनाही सांगून ठेवा.

खरा रस्ता याच्या अगदी उलटा आहे. तिथे तुम्हाला कुणी बोलावत नाही, तुम्हालाच मागावं लागतं.

आपल्या गोव्यात याची सवय नाही. इथे माणूस संस्थेत जातो तो बहुतेक जन्मानेच. देवस्थानचं महाजनपण, म्हणजे देवळाचं हक्काचं सदस्यत्व, वडिलांकडून मुलाकडे जातं; कोमुनिदादीचा, म्हणजे गावच्या सामाईक जमिनीच्या संस्थेचा, गावकरही तसाच. चर्चच्या जुन्या कोन्फ्रारियांतही, म्हणजे भाविकांच्या मंडळांतही, अमुक कोन्फ्रारिया अमुक वाड्याची, अमुक जातीची, अशी वाटणी गावोगाव होती. महाजन म्हणून पालखीच्या दिवशी मान मिळतो तेव्हा मलाही बरं वाटतं, खोटं कशाला बोलू. पण तो मान मिळवायला मी काही केलेलं नाही. लॉजच्या दारात मात्र "कुणाचा मुलगा?" हा प्रश्न कामाचा नाही. तू स्वतः का आलास, एवढंच विचारतात. माझ्या मते गोव्यासारख्या ठिकाणी या संस्थेची खरी किंमत इथेच आहे.

करायचं काय, तर ओळखीत कुणी मेसन असेल तर त्याला सरळ विचारायचं. नसेल तर ग्रँड लॉज ऑफ इंडिया या आमच्या लॉजच्या वरच्या संस्थेकडे लिहायचं, त्यांचं मुख्यालय दिल्लीत जनपथवर आहे. वयाची एकवीस पूर्ण हवीत, चारित्र्य स्वच्छ हवं आणि एका परमेश्वरावर श्रद्धा हवी. कुठल्या नावाने त्याला हाक मारता हे कुणी विचारत नाही. भारतातल्या लॉजमध्ये गीता, बायबल, कुराण, अवेस्ता असे ग्रंथ शेजारी शेजारी उघडे ठेवलेले असतात आणि ज्याने त्याने आपल्या ग्रंथावर हात ठेवून शपथ घ्यायची. पहिल्यांदा ते टेबल पाहिलं तेव्हा माझा गळा दाटून आला होता. धर्मावरून माणसं तुटताना आपण रोज बघतो, आणि इथे ही पुस्तकं एकाच दिव्याखाली.

अर्जाला एक प्रस्तावक आणि एक अनुमोदक लागतो आणि दोघांनी तुम्हाला खरंच ओळखायला हवं. मग काही ज्येष्ठ सदस्य भेटतात, कधी घरी येतात, बायकोशी बोलतात. ही भेट मला फार महत्त्वाची वाटते. महिन्यातली एक संध्याकाळ तुम्ही घराबाहेर असणार, प्रवेश फी आणि वार्षिक वर्गणी घरच्या पैशातून जाणार, तर घरच्यांचा होकार हवाच. बायकोला न सांगता अर्ज करणारा माणूस मला नको.

त्यानंतर मतदान. एक लाकडी पेटी असते, पुढच्या बाजूला हात जाईल एवढं तोंड. पांढरी गोळी होकाराची, काळी नकाराची. हात आत गेला की कुणी काय टाकलं ते शेजाऱ्यालाही दिसत नाही. शेवटी खण ओढून सगळ्यांदेखत पाहतात. मोजक्या काळ्या गोळ्यांनीही अर्ज फेटाळला जातो आणि कारण कुणी विचारायचं नाही. काहींना हे निर्दय वाटतं. मला तसं वाटत नाही. ज्यांच्याबरोबर पुढची तीस-चाळीस वर्षं बसायचं, त्यांना मोकळेपणाने नाही म्हणता आलं पाहिजे.

पण हीच पेटी अन्यायाचंही हत्यार होऊ शकते, आणि झालेली आहे. मुंबईचे माणकजी कर्सेटजी हे पारशी गृहस्थ. युरोपियनांच्या लॉजने त्यांना घेतलं नाही. इंग्लंडला गेले, तिथेही जमलं नाही, शेवटी पॅरिसमध्ये दीक्षा घेऊन परतले. त्यानंतर १८४३ साली डॉ. जेम्स बर्न्स या मेसनने मुंबईत 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' हे लॉज काढलं, ज्यात भारतीय माणसांना प्रवेश होता. हिंदूंना तर आणखी थांबावं लागलं. पुढे १८८४ मध्ये कलकत्त्याच्या लॉजमध्ये नरेंद्रनाथ दत्त नावाचा तरुण दाखल झाला, तेच आपले स्वामी विवेकानंद. बंधुभावाची भाषा बोलणाऱ्यांनीही दार किती उशिरा उघडलं, हे प्रत्येक नव्या सदस्याने वाचावं असं मला मनापासून वाटतं.

आता हेतूबद्दल, कारण माझा जीव इथेच अडकतो. मला विचारणाऱ्यांपैकी बरेच जण दोन मिनिटांत "तिथे मोठमोठे लोक येतात ना?" इथे पोचतात. कुणाला बांधकामाची कंत्राटं दिसतात, कुणाला बदली. बाबांनो, प्रवेश घेताना तुम्हाला जाहीर करावं लागतं की मी कुणाच्या आग्रहाला बळी पडून किंवा पैशाच्या लाभासाठी येत नाहीये. हे खोटं सांगून आत आलात तर पहिलंच पाऊल खोटं. आणि आत आल्यावर तुमच्या वाट्याला काय येणार? पानंच्या पानं पाठांतर, वेळेवर हजेरी, दर सभेला फिरणारी दानाची पिशवी, आजारी बांधवाच्या घरी जाणं, कुणी गेला तर त्याच्या बायकामुलांकडे लक्ष देणं. राजकारण आणि धर्म यांवर लॉजमध्ये वाद घालायला मनाई आहे. ओळखी वाढवायच्या असतील तर त्यासाठी व्यापारी मंडळं आहेत, तिथे खुशाल जा.

कॅथलिक मित्रांना वेगळं सांगतो. तुमच्या चर्चची बंदी १७३८ पासूनची आहे, १९८३ मध्ये व्हॅटिकनने ती पुन्हा स्पष्ट केली आणि २०२३ मध्ये पुन्हा एकदा. मला ती भूमिका पटत नाही, पण म्हणून ती लपवून कुणाला आत ओढणं मला मान्य नाही. आधी आपल्या पाद्रीशी बोला. लपूनछपून येऊन दर रविवारी मन खात बसण्यापेक्षा न आलेलं बरं.

गोव्यात या विषयावर इतकी कुजबुज का, याचं एक उत्तर मला इतिहासात दिसतं. ५ ऑक्टोबर १९१० ला पोर्तुगालात प्रजासत्ताक आलं आणि गोव्यातल्या हिंदूंना कायद्याने बरोबरीचा दर्जा मिळाला. त्या प्रजासत्ताकाचे बेर्नार्दिनो माशादो, अफोंसो कोस्ता यांच्यासारखे पुढारी मेसन होते. आपल्या आजोबा-पणजोबांना शाळा, नोकऱ्या खुल्या झाल्या त्यामागे त्या विचारांचाही हात होता, हे आपण विसरलो. मग पोर्तुगालात हुकूमशहा सालाझार आला. १९३५ च्या कायद्याने गुप्त संघटनांवर बंदी आली आणि सरकारी नोकराला आपण अशा कुठल्याही संघटनेत नाही असं लिहून द्यावं लागू लागलं. अशा राजवटीत ज्या गोष्टीचं नाव काढायला माणूस घाबरतो, तिच्याबद्दल घराघरात अफवाच उरतात. ग्रँड लॉज ऑफ इंडिया २४ नोव्हेंबर १९६१ ला स्थापन झालं आणि महिन्याच्या आत, १९ डिसेंबरला, गोवा मुक्त झाला. भीतीचं कारण तेव्हाच संपलं. कुजबुज तेवढी राहिली, आणि त्याला आम्ही मेसनही जबाबदार आहोत. मेसननी एकमेकांना ओळखायच्या खुणा सोडल्या तर लपवण्यासारखं फारसं काही नसताना आम्ही उगाच गप्प बसतो.

माझी मुलगी विचारते, बायकांचं काय? आमच्या लॉजमध्ये त्यांना प्रवेश नाही. ॲनी बेझंट यांनी वाढवलेल्या को-मेसनरीत स्त्री-पुरुष दोघंही असतात, पण आमची ग्रँड लॉज त्यांना मान्यता देत नाही. परंपरा म्हणून मी हे पाळतो. तिला पटेल असं उत्तर मात्र माझ्याकडे नाही आणि तिचा राग मला रास्त वाटतो.

कुणाला खरंच यायचं असेल त्याने मला जरूर लिहावं. चहाला भेटू, पुन्हा भेटू, लॉजचे लोक कुटुंबासह जमतात तेव्हा घरच्यांना घेऊन या, माणसं बघा. अर्जाची घाई करू नका. मी नीट ओळखत नाही त्याच्या अर्जावर प्रस्तावक म्हणून सही करणार नाही, मग तो कितीही जवळच्या मित्राचा मुलगा असो.