मामा, येताना गोळ्या आणजो

डिसेंबरात नागपूरला जायचं ठरलं तसा भाच्याचा मेसेज आला. ‘मामा, येताना मल्टिव्हिटॅमिन आणजो. दोन बाटल्या. तिकडचं ओरिजिनल असते.’ भाचा चोवीस वर्षांचा. तिथल्या मिहान उद्योगक्षेत्रात नोकरी, संध्याकाळी जिम, रविवारी सावजी मटण. दुखणं म्हणाल तर गेल्या पावसाळ्यातली सर्दी. मी बाटल्या नेल्या नाहीत, आणि पहिल्याच सकाळी तर्री-पोह्यांवर पेशी सुरू झाली.

‘आजकालच्या भाज्यांत काही राहिलंच नाही, गोळी लागतेच,’ हे भाच्याचं म्हणणं. ते जिममधल्या ट्रेनरकडून आलेलं. भाऊजी दुसऱ्या टोकाला. ‘आमच्या वेळी कोण खात होतं बे गोळ्या? वरण-भात, भाजी-पोळी खा, सगळं मिळते.’ मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं. परदेशात राहणाऱ्याला अशा वेळी आपोआप न्यायाधीश करतात.

माझी पंचाईत अशी की मी स्वतः रोज गोळी घेतो.

मी राहतो ते स्कॉटलंडमधलं एडिनबरा ५६ अंश उत्तरेला, नागपूर २१ वर. डिसेंबरात आमच्याकडे पावणेनऊला उजाडतं आणि चारच्या आत अंधार. सूर्य दिसलाच तर तो डोक्यावर येत नाही, छपरांच्या कडेकडेने सरकत जातो. भरदुपारी माझी सावली माझ्या पाचपट लांब पडते. ही सावली नुसती बघण्यासारखी नाही, कामाची आहे. कातडीत ड जीवनसत्त्व तयार करणारे किरण सूर्य वर असतानाच जमिनीपर्यंत पोचतात. सावली आपल्या उंचीहून बरीच लांब असेल तर कितीही वेळ उभं राहा, पदरात फारसं काही पडत नाही. म्हणून ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा सगळ्यांनाच सांगते की ऑक्टोबर ते मार्च रोज १० मायक्रोग्रॅम, म्हणजे ४०० युनिट, ड घेण्याचा विचार करा. आपल्यासारख्या सावळ्या कातडीच्या माणसांनी वर्षभर. गोळी साबुदाण्याएवढी, आणि वर्षभराच्या गोळ्यांच्या पैशांत एडिनबऱ्यात धड चार कॉफ्या येत नाहीत. धडधाकट तरुणाला सरसकट सांगितलेलं जीवनसत्त्व एवढं एकच. मूल हवं असलेल्या मुलींना त्यात फॉलिक ॲसिडची भर, ४०० मायक्रोग्रॅम, दिवस राहण्याआधीपासून बाराव्या आठवड्यापर्यंत. त्यात वादाला जागा नाही, ब्रिटनमध्येही नाही आणि भारतातही नाही.

भाच्याला हव्या असलेल्या बाटलीत मात्र तेवीस-चोवीस जिन्नस असतात. त्यातल्या बऱ्याचशा गोष्टी पोट भरून जेवणाऱ्याच्या ताटात आधीच आहेत. पाण्यात विरघळणारी जास्तीची जीवनसत्त्वं बहुतांशी लघवीवाटे निघून जातात. बी-कॉम्प्लेक्स घेतल्यावर ती पिवळीजर्द होते ना, त्यात पैसे कुठे गेले ते डोळ्यांनी दिसतं. रोगप्रतिबंधावर सल्ला देणाऱ्या अमेरिकेच्या तज्ज्ञमंडळाने २०२२ मध्ये सगळे अभ्यास पुन्हा तपासले. मल्टिव्हिटॅमिनने हृदयरोग किंवा कॅन्सर टळतो असं म्हणायला पुरेसा पुरावा त्यांना सापडला नाही. बीटा-कॅरोटिन आणि ई तर यासाठी घेऊच नका, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. त्यामागे फिनलंडची गोष्ट आहे. तिथे २९ हजार सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवर प्रयोग झाला, बीटा-कॅरोटिनने फुप्फुसाचा कॅन्सर कमी होईल या आशेने. १९९४ मध्ये निकाल आला तर ते घेणाऱ्यांत कॅन्सर १८ टक्के जास्त. गाजरात असतं तेच गोळीत घातलं आणि उलटं झालं. ‘नुकसान तर नाही ना?’ असं भाचा विचारत होता, म्हणून हे सांगितलं. तो सिगारेट ओढत नाही. निदान घरी तसं माहीत आहे.

पण भाऊजींचंही मी मान्य करत नाही. ‘नागपुरात उन्हाला काय तोटा?’ हे ऐकायला बरं वाटतं. भाचा नऊला एसी ऑफिसात शिरतो तो अंधार पडल्यावर बाहेर येतो. मुली स्कूटरवर निघतात त्या डोळे सोडून सगळं स्कार्फमध्ये गुंडाळून, आणि ४५ डिग्रीत दुसरं करणार तरी काय? सकाळच्या कोवळ्या उन्हावर आपला फार विश्वास, पण सावलीचा नियम लावला तर ते कोवळं ऊन ड जीवनसत्त्वाच्या कामी फारसं येत नाही.

या गोंधळात फुल बॉडी चेकअपचं पॅकेज येतं. धडधाकट पोरगा कंपनीच्या सवलतीत रक्त देतो, ‘डी कमी आलं’ म्हणून घरभर सांगतो, आणि मेडिकलमधून साठ हजारांची सॅशे येते. साठ हजार युनिट, म्हणजे माझ्या एडिनबऱ्याच्या दीडशे गोळ्या एका घोटात. खरी कमतरता असेल तर डॉक्टर ती आठवड्याला एक अशी काही आठवडे देतात, ते ठीकच. पण ती आठवड्याची आहे हे विसरून रोज घेतली तर रक्तातलं कॅल्शियम वाढून मूत्रपिंडावर बेततं, कारण हे जीवनसत्त्व चरबीत साठतं, लघवीतून जात नाही. अमेरिकेतल्या हॉर्मोनतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ मध्ये सांगितलं की निरोगी प्रौढांची सरसकट ड तपासणी करू नका. मागच्या खेपेला आईने माझ्या बॅगेत चिवड्याच्या पिशवीखाली अशा चार सॅशे सरकवल्या होत्या. ‘तिकडं ऊन नसते न बाप्पा.’ निदान बरोबर, मात्रा भलतीच.

या वादात दोन दिवस गेले तेव्हा भाची सोफ्याच्या कोपऱ्यात पाय पोटाशी घेऊन बसलेली होती. एकवीस वर्षांची, हॉस्टेलवर राहते, मटणाला हात लावत नाही, दुधाचा वासही नको. दिवसातून चार चहा, त्यातले दोन जेवणावरच. ‘मामा, हातापायाला मुंग्या येतात तर काय करायचं?’ तिने सहज विचारलं.

बी-१२ वनस्पतींत नसतं म्हटलं तरी चालेल. मांस, अंडी, दूध, दही यातून ते मिळतं. दूध-दहीही सुटलं की यकृतातला साठा काही वर्षं पुरतो आणि मग मुंग्या, थकवा, लाल सोललेली जीभ. ब्रिटनमध्ये सगळ्यांनी बी-१२ घ्यावं असा सल्ला नाही, कारण बहुतेकांच्या ताटात मांस किंवा दूध असतंच. तिथला सल्ला जसाच्या तसा इकडे आणला तर या मुलीपर्यंत तो पोचतच नाही. लोहाचं तसंच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी निघाल्या. जेवणावरचा चहा लोह अडवतो, तर जेवणासोबतचं संत्रं ते रक्तात उतरवायला मदत करतं. आमच्या स्वयंपाकघरात तेव्हा काटोलच्या आंबिया बहाराच्या संत्र्यांची पेटी उघडी पडलेली होती, आणि आम्ही दोन दिवस परदेशी बाटल्यांवर भांडत होतो.

तिला ओळखीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी जीभ पाहिली, खाणं विचारलं आणि दोनच तपासण्या लिहिल्या. हिमोग्लोबिन साडेनऊ, बी-१२ मर्यादेच्या बरंच खाली. आता तिला गोळ्या आहेत, चहा जेवणानंतर तासाभराने आहे, आणि रोज दही खाण्यावरून माझ्या बहिणीशी, म्हणजे तिच्या आईशी, तिची रोज कटकट आहे. तपासणीचे पैसे भाच्याच्या दोन बाटल्यांपेक्षा कमीच झाले. तो अजून रुसलेला आहे. परवा पुन्हा मेसेज आला. ‘मामा, मग प्रोटीन पावडर तरी आणजो.’