नाताळचे झाड आणि आईची विरळणी

गेल्या वर्षी नाताळच्या झाडाशेजारी उभे राहून काढलेला आमचा फोटो घरच्या व्हॉट्सॲप गटावर गेला, तेव्हा पुण्याच्या काकांनी लगेच विचारले होते, "वडाला फेऱ्या घालणाऱ्या घरातली माणसे तुम्ही, आणि सणासाठी जिवंत झाड तोडता?" त्या वेळी मी गप्प राहिलो. ते झाड आम्ही दुकानाबाहेरून विकत आणले होते आणि ते कुठे वाढले, किती वर्षांचे होते, हे मला सांगता आले नसते. यंदाचे झाड आम्ही स्वतः कापून आणले आहे, म्हणून आता काकांना सविस्तर उत्तर देतो.

आम्ही राहतो ते ऑरेगन राज्य नाताळच्या झाडांच्या उत्पादनात अमेरिकेत पहिले आहे. विलामेट नदीच्या खोऱ्यात नोबल फर आणि डग्लस फर या सूचिपर्णी झाडांचे मळेच्या मळे आहेत. सहा-सात फुटांचे झाड तयार व्हायला तिथे साधारण 6 ते 10 वर्षे लागतात, दर वर्षी छाटणी करून त्याला शंकूचा आकार द्यावा लागतो आणि तोडणी झाली की पुन्हा नवी रोपे लावली जातात. जून 2021 च्या भयंकर उष्णतेच्या लाटेत इथली कोवळी रोपे करपली, तेव्हा शेतकऱ्यांची अवस्था आपल्याकडे गारपिटीनंतर द्राक्षबागायतदारांची होते तशीच झाली होती. उसाच्या तोडणीला आपण जंगलतोड म्हणत नाही, मग या मळ्यातल्या तोडणीला तरी का म्हणावे?

आम्ही मात्र मळ्यात न जाता माउंट हूडच्या राष्ट्रीय वनात गेलो. वनखाते एका झाडामागे 5 डॉलर घेऊन परवाना देते. चौथीतल्या मुलांना हे शुल्क माफ असल्यामुळे परवाना आमच्या मुलीच्या नावावर निघाला आणि त्या दिवसाचे पुढारपणही ओघानेच तिच्याकडे गेले. रस्त्याच्या अगदी कडेचे किंवा ओढ्याकाठचे झाड घ्यायचे नाही, मोठ्या झाडाचा नुसता शेंडा उडवायचा नाही, बुंधा शक्य तितका जमिनीलगत कापायचा, असे नियम ती वाचून दाखवत होती. डग्लस फर हा खरा फर नव्हे, कारण त्याचे बिया धरणारे शंकू खाली लोंबतात आणि खऱ्या फरचे फांदीवर ताठ उभे राहतात, हेही तिनेच आम्हाला ऐकवले.

सातारा जिल्ह्यात शेतीत आयुष्य काढलेली माझी आई यंदा आमच्याकडे आली आहे. घोटाभर बर्फात उभे राहून तिने मोठ्या झाडांखाली दाटीवाटीने उगवलेली लहान झाडे बराच वेळ न्याहाळली आणि म्हणाली, "अरे, यांची विरळणी कुणी केलेलीच नाही. ज्वारीची अशी दाटी ठेवली तर एकाही ताटाला धड कणीस धरायचे नाही." वनखात्याच्या परवान्यामागचा विचारही थोडाफार हाच आहे. दाटीतली काही लहान झाडे काढली, तर उरलेल्यांना उजेड आणि पाणी मिळते. झाडही शेवटी आईनेच निवडले. ते एका अंगाने विरळ होते आणि मळ्यातल्या झाडासारखे देखणे तर मुळीच नव्हते.

करवत मी आणि मुलीने आळीपाळीने चालवली. झाड आडवे झाल्यावर तिने बुंध्यावरची वर्तुळे मोजली, ती 14 भरली. मोठ्या झाडांच्या सावलीत वाढ फार सावकाश होते, म्हणून मनगटाएवढ्या जाडीचे ते झाड तिच्यापेक्षा पाच वर्षांनी मोठे निघाले. त्यावर ती थोडा वेळ काहीच बोलली नाही, आणि खरे सांगायचे तर मलाही काकांचा प्रश्न तेव्हा पहिल्यांदा टोचला. एका झाडासाठी दिवसभर मोटार पळवली, त्या पेट्रोलचा हिशेब तर मी अजून मांडलेलाच नाही.

तरीही काकांना मला विचारायचे आहे, की दसऱ्याला हातगाडीवरून आपण आपटा म्हणून जी पाने आणतो, आणि जी पुष्कळदा कांचनाची असतात, ती कोणत्या झाडावरून ओरबाडली हे आपण कधी विचारले आहे का? वटपौर्णिमेला बाजारात विकायला येणाऱ्या वडाच्या फांद्यांचा परवाना कोण देतो? तोड नको म्हणून प्लास्टिकचे झाड आणावे, तर ते वर्षानुवर्षे वापरले तरच पर्यावरणाला परवडते, आणि ते कुजत नाही. झाड तोडण्यापेक्षा आपल्या नजरेआड झालेली तोड मला अधिक खटकते, कारण तिथे मोजायला वर्तुळे समोर नसतात.

घरी आल्यावर बुंध्याची बोटभर चकती पुन्हा कापली, कारण चिकाने तोंड बंद झाले की झाड पाणी ओढत नाही, आणि वाळलेले झाड पटकन पेट घेते. आई रोज सकाळी तुळशीला घालावे तसे त्याला पाणी घालते. नाताळनंतर अशी झाडे गोळा करून किनाऱ्याकडच्या नेकॅनिकम नदीच्या खोऱ्यातल्या पाण्यात ठेवतात, म्हणजे कोहो सॅमन माशांच्या पिल्लांना त्यांच्या फांद्यांत आसरा मिळतो. आमचे झाडही तिकडेच द्यायचे ठरले आहे. फक्त आजी परत जाईपर्यंत ते हलवायचे नाही, अशी परवानाधारकाची अट आहे.