रक्ताऐवजी घाम

लेखात म्हटलंय की निन्टेन्डो या गेम कंपनीने मॉर्टल कॉम्बॅट हा मारामारीचा व्हिडिओ गेम सेन्सॉर केला तो मुलांच्या काळजीपोटी. असेल बुवा, पण धंद्याची फॅमिलीवाली इमेज जपायची होती हे पण लिहा की! १९९३च्या सप्टेंबरात गेम घरच्या कन्सोलवर आला तेव्हा निन्टेन्डोच्या सुपर निन्टेन्डो कन्सोलवर रक्ताच्या जागी करडा घाम उडायचा, आणि सब झिरो नावाचा त्यातला फायटर समोरच्याचं मुंडकं पाठीच्या कण्यासकट उपटायचा ते काढून त्याला गोठवून फोडणं ठेवलं, म्हणजे माणसाचे तुकडे चालतात पण रक्त नको, काय लॉजिक आहे हे 😄

निन्टेन्डोची तेव्हाची प्रतिस्पर्धी कंपनी सेगा, ते लोक जास्त चलाख. त्यांच्याकडेही रक्त बंदच होतं, पण सुरुवातीच्या स्क्रीनवर ए बी ए सी ए बी बी दाबलं की सुरू. वर स्वतःचंच एमए १३ (म्हणजे तेरा वर्षांवरच्यांसाठी) रेटिंग बॉक्सवर चिकटवून मोकळे. ग्राफिक्स आणि आवाज निन्टेन्डोवर भारी असून विकला गेला सेगाचाच जास्त, पोरांना काय पाहिजे ते कळलं म्हणायचं. पुढच्या वर्षी दुसरा भाग आला तो निन्टेन्डोवर पण रक्तासकट, तेव्हा कुठे गेली काळजी?

आणि डिसेंबर ९३ला व्हिडिओ गेममधल्या हिंसेवर अमेरिकन सिनेटची सुनावणी झाली, तिच्यात निन्टेन्डोचे हॉवर्ड लिंकन म्हणाले होते की नाइट ट्रॅप हा गेम आमच्या मशीनवर कधीच येणार नाही. २०१८ला निन्टेन्डोच्याच स्विच कन्सोलवर आला तो.