गाळा गावाचाच आहे

दुपारपासून डोकं ठणकतंय म्हणून लिहितेय. आज लालबागला आमच्या गावाच्या गाळ्यात, म्हणजे मुंबईला आलेल्या गावच्या पुरुषांना राहायला वर्गणीतून भाड्याने घेतलेल्या चाळीतल्या खोलीत, मीटिंग होती. बाबांना एकट्याने जिना चढवत नाही म्हणून मीही गेले. चाळ रिडेव्हलपमेंटला चाललीय, आणि प्रश्न एकच होता, गाळ्याच्या बदल्यात मिळणारा फ्लॅट कुणाच्या नावावर लागणार? आमच्याच वाडीतला एक मुलगा उठला, माझ्या डोळ्यासमोर लहानाचा मोठा झालेला, आणि म्हणाला, "ताई, भाडेपावती माझ्या आजोबांच्या नावावर आहे. कायद्याने रूम आमची." आणि चार जणांनी माना डोलावल्या!!

अरे कसला कायदा?

बाबा १९६७ साली लांज्याकडून आले, बोटीने. भाऊच्या धक्क्यावर उतरले तेव्हा हातात एक ट्रंक आणि खिशात गाळ्याचा पत्ता. गाळ्यात कुणी विचारलं नाही काम आहे का, पैसे आहेत का. विचारलं एवढंच, "कुणाचा रे तू? कुठल्या वाडीतला?" आणि ट्रंक ठेवायला जागा करून दिली. जेमतेम दहा बाय बाराची खोली, भिंतीला ओळीने ट्रंका, वर खुंट्या, प्रत्येकाची खुंटी ठरलेली. रातपाळीवाला यायचा तो पहिल्या पाळीला गेलेल्याच्या जागेवर आडवा व्हायचा. बाबांना बरेच महिने गिरणीत बदलीचंच काम, म्हणजे रोज गेटवर जाऊन उभं राहायचं, नाव पुकारलं तर विणकामाच्या साचेखात्यात आत, नाहीतर परत. तेवढे दिवस गाळ्याने त्यांच्याकडून वर्गणी घेतली नाही आणि सातारकडच्या एक खानावळवाल्या मावशी वहीवर लिहून जेवायला घालत होत्या. पगार झाला की दे म्हणाल्या.

अख्खं गिरणगाव असंच उभं राहिलंय हो. कुणीतरी आधी आलेला, तो मागून येणाऱ्याला पाठ टेकायला जागा करून देतो. तुम्हाला हे वेगळं सांगायला नको, तुमच्यातले निम्मे असल्याच खोल्यांतून वर आलेत.

आता ती पावती. बाबांनी आज सांगितलं तेच लिहिते. मालकाला पावतीवर एकच नाव हवं होतं. त्या आजोबांची नोकरी कायम झालेली आणि त्यांना सही करता यायची, म्हणून गावाने बसून त्यांचं नाव घातलं. भाडं सगळ्यांच्या वर्गणीतून जायचं. देवळाचा पत्रा, शाळेची खोली, शिमग्याचा खर्च, सगळ्याची वर्गणी ह्याच खोलीत गोळा झालेली. ते आजोबा स्वतः कधी म्हणाले नाहीत खोली माझी आहे, आणि नातू म्हणतोय!

हो, गाळ्यात बायकांना राहायला जागा नव्हती, आणि दुसऱ्या जातीचा कुणी आला असता तर त्याला आत घेतला असता का, हेही मला माहितीय. संडासाच्या रांगाही माहितीयत. मान्य. लिफ्ट येऊ दे, घरात संडास येऊ दे, मला टॉवर नको असं मी म्हणतच नाहीये.

पण आजूबाजूला बघा ना काय झालंय. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाख कामगार, बाबा त्यातलेच, तो संप रीतसर मागे असा कधी घेतलाच नाही. मग १९९१ च्या नियमात ठरलं की गिरणीची जमीन विकसित करताना एक तृतीयांश पालिकेला, एक तृतीयांश म्हाडाला, उरलेली मालकाला. २००१ ला त्यातही बदल केला, वाटणी फक्त मोकळ्या जमिनीची, म्हणजे बांधकामाखालची जमीन मालकाकडेच, आणि २००६ ला सुप्रीम कोर्टानेही ते चालवून घेतलं. तेव्हा आपण सगळे ओरडत होतो ना, की जे सगळ्यांचं होतं ते कागदावर फिरवून एकट्याच्या खिशात घातलं? मग आज त्या खोलीत माना कशाला डोलावल्या?? मालकाने केलं तर लूट आणि आपण केलं तर कायदा?

लिहिता लिहिता जरा शांत झालेय. तो मुलगा वाईट नाही. नालासोपाऱ्याला राहतो, दोन पोरं, लोकलला लोंबकळत कामाला येतो, आणि लालबागमधले ३०० चौरस फूट म्हणजे काय किंमत होते ते तुम्हाला माहितीय. त्याच्या जागी असते तर माझीही झोप उडाली असती. त्याच्या घराने इतकी वर्षं पावती सांभाळली, मालकाच्या माणसांशी भांडणं केली, त्याबद्दल गावाने त्याला काहीतरी द्यावं, मी स्वतः तसं मांडीन. पण फ्लॅट नाही.

कारण गावाची माणसं मुंबईला यायची थांबलेली नाहीत. आता गिरणीसाठी येत नाहीत, टाटाला येतात, केईएमला येतात. हॉस्पिटलच्या बाहेर फूटपाथवर प्लॅस्टिक अंथरून बसलेली माणसं बघितलीत ना तुम्ही, फाईल छातीशी धरून? त्यात आपल्या तालुक्यातले असतात. गेल्या वर्षी आमच्या वाडीतली एक काकी केमोला आली होती. गाळ्यात बाईमाणसाला राहता येत नाही म्हणून तिला कुणाकुणाच्या घरी फिरवलं, प्रत्येक ठिकाणी चार दिवस, आणि ती बिचारी तेवढ्या आजारपणात प्रत्येक घरी भांडी घासायला उठायची. घराला संडास असलेला, लिफ्ट असलेला, हॉस्पिटलपासून टॅक्सीने दहा मिनिटांवरचा फ्लॅट गावाच्या हातात येतोय आणि आपण तो एका घराला देऊन टाकणार? बाबांची ट्रंक जिथे ठेवून घेतली तिथे काकीची पिशवी ठेवायला जागा नको?

माझं म्हणणं सरळ आहे. फ्लॅट आमच्या गावाच्या मंडळाच्या नावावर लागला पाहिजे. आधी पेशंट, मग परीक्षेला, नोकरीला येणारी पोरं, आणि पोरीसुद्धा. आणि टॉवरची सोसायटी उद्या "फक्त फॅमिली" म्हणायला लागली तर त्याचंही आत्ताच, सही करायच्या आधी, अॅग्रीमेंटमध्ये लिहून घ्यायचं.

पुढच्या रविवारी परत मीटिंग आहे. आपल्या गावचे जे हे वाचतायत त्यांनी घरात शोधा, वर्गणीच्या जुन्या पावत्या, हिशेबाची वही, भाडं मंडळाने भरल्याचं काहीही असेल तर घेऊन या. निदान फोटो काढून पाठवा. आणि बाकीच्यांपैकी कुणाच्या गावाने गाळा मंडळाच्या नावावर करून घेतला असेल तर कसा केला, वकील कोण होता, मंडळ रजिस्टर असावं लागतं का, ते मला इनबॉक्समध्ये सांगा. आज रात्री सांगितलंत तरी चालेल, मी जागीच आहे.