एसजीपीटी 68 आणि गुळवेलीचा काढा

रविवारी भांडुपला मावशीकडे गेले, तर गॅसवर गुळवेलीच्या कांड्या उकळत होत्या. शेजारी कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांची पट्टी, नऊ दिवस हात न लावलेली. तिचं एसजीपीटी, म्हणजे रक्तात तपासतात ते लिव्हरचं एन्झाइम, 68 आलंय आणि भिशीच्या ग्रुपवर हे फिरतंय: "एसजीपीटी 40च्या वर म्हणजे निम्मं लिव्हर सडलं. दारू पीत नसाल तर गोळ्यांचाच प्रताप. सगळ्या गोळ्या बंद करा, 21 दिवस गुळवेलीचा काढा घ्या, लिव्हर धुऊन निघेल."

कसलं निम्मं? एसजीपीटी लिव्हरच्या पेशींच्या आत असतं, पेशी दुखावल्या की रक्तात उतरतं. लिव्हर कितपत काम करतंय हे बघायला रक्तातलं बिलिरुबिन, अल्ब्युमिन आणि रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारं पीटी-आयएनआर लागतं. सिरोसिस झालेल्या, म्हणजे लिव्हर कडक होऊन खराब झालेल्या माणसाचंही एसजीपीटी नॉर्मल येऊ शकतं.

दारूचं म्हणाल, तर मावशीला डायबेटिस आहे, वजनही वाढलंय. आधी फॅटी लिव्हर, म्हणजे लिव्हरमध्ये चरबी साचलीय का, ते बघायचं, हिपॅटायटिस बी आणि सी तपासायचं.

गोळ्यांनी एन्झाइम्स वाढतात, हे मात्र खरं आहे. टीबीच्या आयसोनियाझिड, पायराझिनामाइडने तर वाढतातच. पण तिथेही त्रास नसेल तर नॉर्मलच्या वरच्या मर्यादेच्या पाचपट, उलट्या-कावीळ असेल तर तिप्पट झाल्यावर डॉक्टर गोळ्या थांबवतात. कोलेस्टेरॉलची गोळीसुद्धा तिपटीच्या आत सहसा बंद करत नाहीत. 68 म्हणजे 40च्या दुप्पटही नाही! मेसेज वाचून टीबीच्या पेशंटने गोळ्या सोडल्या तर काय होईल, याचा विचार तो पुढे ढकलणाऱ्या एकानेही केला नाही.

आणि सगळ्यात घातक तो काढा. सप्टेंबर ते डिसेंबर 2020 या चार महिन्यांत, याच मुंबईत, गुळवेल घेतलेले सहा पेशंट लिव्हरला इजा होऊन डॉक्टरांकडे आले. 2021 मध्ये लिव्हरच्या डॉक्टरांच्या नियतकालिकात त्यावर लेख छापून आला. आयुष मंत्रालयाने हरकत घेतली, की तशीच दिसणारी दुसरी वेल असेल. असेलही, मग बाजारातून आणलेली कांडी कुठल्या वेलीची, हे मावशीने कसं ओळखायचं? 2022 मध्ये तर देशभरातल्या 13 केंद्रांतले असे 43 पेशंट नोंदवले गेले. बऱ्याच जणांचा आजार ऑटोइम्यून हिपॅटायटिसच्या वळणाचा होता, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच लिव्हरवर उलटलेली. आणि हा काढा लोक प्रतिकारशक्ती वाढवायला पितात!

पातेलं मी मोरीत रिकामं केलं. मावशी अजून नीट बोलत नाही. गुरुवारी तिची सोनोग्राफी आहे. नऊ दिवस काढा घेतला आणि गोळी बंद होती, हे डॉक्टरांना मीच सांगणार आहे, कारण ती सांगणार नाही.