नव्या तालुका वार्ताहरास हिताच्या चार गोष्टी

अभिनंदन. जळगाव, धुळे किंवा नंदुरबारमधल्या एखाद्या तालुक्याला तुमची वार्ताहर म्हणून नेमणूक झाली. गळ्यात ओळखपत्र आलं, मोटारसायकलवर लाल अक्षरांत ‘प्रेस’ लिहून झालं. आता राहिली फक्त पत्रकारिता, तीही जमेल. मानधनाचं मात्र विचारू नका, ते विचारणारे फार दिवस टिकत नाहीत. जाहिरातीवरचं कमिशन विचारा. १५ ऑगस्ट, २६ जानेवारी, दिवाळी आणि भाऊंचा वाढदिवस हे आपले हंगाम. खान्देशात केळीला विमा आहे, कापसाला हमीभाव आहे आणि वार्ताहराला वाढदिवस आहे.

कुठले भाऊ, असं मनात आलं असेल तर तुम्ही फारच नवे आहात. आपल्याकडे प्रत्येक तालुक्याला एक भाऊ, एक दादा, एक अण्णा आणि एक आबा असतातच. ज्याची वाढदिवसाची पुरवणी जास्त पानांची, तो त्या वर्षीचा विकासपुरुष.

वर्तमानपत्रं समाजाचं मत घडवतात असं तुम्हाला कोणी सांगेल आणि त्या जबाबदारीने तुमची झोप उडेल. उडू देऊ नका. मत घडवायला अग्रलेख लिहावा लागत नाही. तो वाचतं कोण? काय छापायचं, किती छापायचं आणि काय विचारायचंच नाही, एवढं सांभाळलं की मत आपोआप तयार होतं.

सातपुड्यापासून सुरुवात करू. अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांतल्या कित्येक पाड्यांवर गाडी पोचत नाही. बाई अडली की बांबूला कापडाची झोळी बांधतात, ती खांद्यावर घेऊन माणसं डोंगर उतरतात आणि गाडी लागेल तिथपर्यंत तिला आणतात. पावसाळ्यात हे जरा जास्त. एखाद्या पोराने मोबाइलवर काढलेला फोटो तुमच्यापर्यंत येईल. लगेच मथळा द्या, ‘मरणयातना!’ उद्गारचिन्ह विसरू नका. पहिल्या वाक्यात ‘स्वातंत्र्याची इतकी वर्षं उलटूनही’ टाका. दर वर्षी आकडा तेवढा वाढवायचा, बाकी मजकूर तोच चालतो.

आता काय लिहायचं नाही ते नीट ऐका. रस्ता कागदावर कधी मंजूर झाला, कार्यादेश कोणाच्या नावाने निघाला, बिल निघालं का, उपकेंद्रातली नर्सची जागा किती दिवस रिकामी आहे, यातलं काहीही विचारू नका. हे छापलं तर कोणाला तरी उत्तर द्यावं लागतं, आणि उत्तर देणारा माणूस बहुधा जाहिरातदार निघतो. ‘मरणयातना’ला उत्तर द्यावं लागत नाही, नुसतं हळहळलं तरी भागतं. जळगावातला वाचक सकाळच्या चहाबरोबर हळहळतो आणि पान उलटतो. असा दहा पावसाळे हळहळला की त्याचं मत पक्कं होतं: ‘त्या लोकांचं असंच असतं.’ म्हणजे रस्ता न होणं हे कोणाचं काम नसून हवामान आहे. एवढं मोठं काम तुम्ही दीड कॉलमात केलेलं असतं.

त्या बाईशी बोलायलाही जाऊ नका. ती पावरी किंवा भिलोरी बोलते, तुम्हाला ती येत नाही आणि शिकण्यावर कमिशन नाही. तहसीलदारांचा बाइट घ्या, ते मराठी बोलतात.

तरीही पहिल्या-पहिल्या उत्साहात तुम्ही डेस्कला फोन करालच.

“दादा, उपकेंद्राला कुलूप होतं. तेबी टाकू का?”

“अरे भो, झोळीचा फोटो शे ना? बस मग. आणि सारंगखेड्याचा घोडा कुठंय? पान अडलंय!”

घोड्याला कमी लेखू नका. डिसेंबरात दत्तजयंतीला शहादा तालुक्यात, तापीकाठी सारंगखेड्याला एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि देशभरातून घोडे येतात. तिथे मात्र जीव ओतून बातमीदारी करायची. घोड्याचं नाव, वय, उंची, रंग, आई कोण, बाप कोण, सकाळी दूध किती, संध्याकाळी तूप किती, मालिशला माणसं किती, मालक कुठला, बोली कितीवर गेली आणि तरी त्याने का विकला नाही. कोण, काय, कुठे, केव्हा, का, कसं: सहाच्या सहा प्रश्नांची उत्तरं एकाच बातमीत बसवण्याचा योग पत्रकाराच्या आयुष्यात क्वचित येतो. तुमचा तो सारंगखेड्यात येईल. झोळीतल्या बाईच्या वेळी यातला एकही प्रश्न सुचला नव्हता याचं वाईट वाटून घेऊ नका; तिची बोली लागलेली नव्हती.

उन्हाळ्याचं फार डोकं खाजवायला नको. भुसावळचा पारा पंचेचाळिसावर गेला की कॉलेजच्या रस्त्यावर उभं राहून तोंडाला स्कार्फ गुंडाळलेल्या स्कूटीवरच्या मुलींचा फोटो काढायचा. रावेर-यावलला त्याच दुपारी डोक्यावर केळीचे घड घेऊन ट्रक भरणारे मजूर असतात, पण त्यांच्या डोक्याला नुसतं मळकं फडकं असतं, रंगीत पानावर उठून दिसत नाही.

बायकांवरच्या अत्याचाराच्या बातम्यांत कायदा पाळा. पीडितेची ओळख उघड करणं पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम २२८-अ खाली गुन्हा होता, १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली आहे, आणि मूल असेल तर पोक्सोचं कलम २३ आहेच. तेव्हा नाव अजिबात छापू नका. फक्त गाव छापा, वय छापा, वडील गावात काय धंदा करतात ते छापा, ती कितवीत आहे ते छापा आणि घर मारुतीच्या देवळामागे आहे एवढं सांगून थांबा. शेवटी ‘पीडितेची ओळख गोपनीय ठेवण्यात आली आहे’ असं लिहिलं की झालं. आरोपी मोठ्या घरचा असेल तर त्याची ओळख मात्र खरोखरच गोपनीय ठेवायची; ‘एका तरुणाने’ पुरे. हुंडा, छळ, रॉकेल असं काही असलं तरी ‘घरगुती वादातून’ हा शब्द तयार ठेवा. घरगुती म्हटलं की शेजाऱ्यालाही वाटतं, आपण कशाला पडा मध्ये?

आता जरा जोखमीचा भाग. मुलं पळवणाऱ्या टोळीची अफवा गावात आली की काय करायचं? ‘मुले पळवणारी टोळी सक्रिय?’ असा मथळा द्यायचा. प्रश्नचिन्ह हे आपल्या धंद्यातलं हेल्मेट आहे. आपटलो तरी डोकं फुटत नाही. फुटलं तर दुसऱ्याचं फुटतं. पोलिसांचा खुलासा आला की तो आत पान सहावर, सराफी पेढीच्या जाहिरातीखाली, मावला तर लावायचा.

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याचा बाजार. सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडून आलेले, भिक्षा मागून पोट भरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण मुलं पळवणारे समजून जमावाने धरले, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले आणि तिथेच ठार मारले. अफवा व्हॉट्सअॅपवरून फिरत होती. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात आलेला मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आणायचं ठरवलं.

ती अफवा मोबाइलची होती, छापील अंकाची नव्हे, असं म्हणून तुम्हाला हात झटकता येतील. पण झटकू नका, एवढा विनय बरा नाही. परक्या गावचा फाटका माणूस दिसला की तो चोरच, हे मेसेज वाचणाऱ्याला त्या दिवशी नव्याने शिकवावं लागलं नव्हतं. गावाबाहेर भटक्यांची पालं पडली की ‘संशयास्पद हालचाली’, बाजारात पाकीट मारलं गेलं की ‘परजिल्ह्यातील महिलांची टोळी’, आणि पुढे ते सगळे सुटले तर शून्य ओळी. वर्षानुवर्षांची ही पेरणी आपलीच. मेसेजने फक्त कापणी केली. नंतर ‘अफवांवर विश्वास ठेवू नका’ अशी चौकट आपणच छापतो, त्यामुळे जमाखर्च जुळतो.

निवडणुकीत जपून राहा. २००९ च्या विधानसभेनंतर पेड न्यूजचा फार बोभाटा झाला. एकच कौतुक शब्दही न बदलता वेगवेगळ्या दैनिकांत आलेलं सापडलं. प्रेस कौन्सिलपर्यंत गेलं ते. आता जिल्ह्याला माध्यमांवर नजर ठेवणारी समिती असते. म्हणून प्रेस नोट आली तशी लावू नका. ‘झंझावाती’ असेल तिथे ‘अभूतपूर्व’ करा. पाकीटही घेऊ नका, ते दिसतं. थंडीत मळ्यात भरीत पार्टी असते. बामणोदची वांगी कपाशीच्या काट्यांवर भाजलेली, लाकडी बडगीत ठेचलेली, कळणाची भाकरी, वर कांद्याची पात. तिथे बसून भाऊ सहज म्हणतात, “त्या रस्त्याचं काय ते जरा बघून घ्या, बापू.” यात देणं-घेणं कुठे आलं? पाहुणचार आहे.

६ जानेवारीला पत्रकार दिन येईल. पहिलं मराठी वृत्तपत्र ‘दर्पण’ १८३२ साली याच तारखेला निघालं हे पाठ ठेवा, सूत्रसंचालन तुमच्याकडेच येणार. कोणीतरी साने गुरुजींची आठवण काढेल, अमळनेरहून त्यांनी १९३८ साली ‘काँग्रेस’ साप्ताहिक सुरू केलं आणि शेतकरी-कामगारांची बाजू मांडली, हे सांगेल. टाळ्या वाजवा. त्याला जाहिराती किती होत्या, हे विचारू नका. मग शाल, श्रीफळ आणि चौथा स्तंभ. शाली बहुतेक त्या रस्त्याच्या ठेकेदाराकडून असतात. दुसऱ्या दिवशीची बातमी तुम्हीच लिहायची आहे. व्यासपीठावरच्या नावांचा क्रम भाऊंच्या पीएला वाचून दाखवा, इनिशियल तपासा, ठेकेदाराच्या नावाआधी ‘युवा उद्योजक’ राहून गेलं नाही ना ते पाहा. सभागृहात बसलेल्या बाकीच्या सगळ्यांसाठी ‘आदी’ पुरे.